कुलूपबंद पोथ्यांची गोष्ट

सुमारे सातशे वर्षांपूर्वी मराठी भाषेतला एक मोठा ग्रंथ हरवला. साधासुधा ग्रंथ नव्हे, लीळाचरित्र. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ, असे आपण मुलांना शिकवतो. पण म्हाइंभटांनी स्वतः लिहिलेली पोथी आज आपल्याकडे नाही. ती गेली. आपण वाचतो ते लीळाचरित्र लोकांच्या आठवणीतून पुन्हा उभे केलेले आहे. आणि गंमत अशी, की इतक्या कष्टाने परत मिळवलेला हा ग्रंथ पुढे पाच-साडेपाचशे वर्षे बाकीच्या महाराष्ट्राला दिसलाच नाही. या वेळी तो हरवला नव्हता, तो कुलपात होता.

आज हार्ड डिस्क, बॅकअप, पासवर्ड, एन्क्रिप्शन हे शब्द घराघरांत आले आहेत. फोटो, दस्तऐवज, बँकेची कागदपत्रे, कविता सगळे काही आपण त्या लहानशा डबीत कोंबतो आणि निर्धास्त होतो. ते हरवू नये म्हणून काय करावे, आणि दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून काय करावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुष्कळदा एकाचे उत्तर दुसऱ्याच्या आड येते. हे नीट समजून घ्यायचे तर संगणकाच्या आधी महानुभावांच्या पोथ्यांकडे गेलेले बरे.

तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या काळात, चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर पायी फिरले. ते गेल्यानंतर त्यांच्या आठवणी विरून जाऊ नयेत म्हणून म्हाइंभटांनी त्या गोळा करायला घेतल्या. ठिकाण रिद्धपूर, आजच्या अमरावती जिल्ह्यातले. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, यांना म्हाइंभट विचारत. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना शोधत गावोगाव जात. एकाच प्रसंगाबद्दल दोघांनी वेगवेगळे सांगितले तर ते भांडण मिटवून टाकत नसत. अमक्याचे म्हणणे असे आणि तमक्याचे असे, ही नोंद पोथीत राही. महानुभाव अशा पाठभेदाला ‘वासना’ म्हणतात. म्हणजे ग्रंथ लिहिला जात असतानाच त्याचे वेगवेगळे साक्षीदार जपले जात होते.

पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीवर दिल्लीच्या सुलतानांच्या फौजा येऊ लागल्या. रस्ते असुरक्षित झाले. महानुभाव मंडळी कोकणाच्या बाजूला निघाली, आणि त्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. त्या फौजांचे सुलतान नावाने माझ्या धर्माचे होते. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण मी मराठीत लिहितो आणि हरवलेली ती पोथी माझ्याच भाषेची होती. इतिहास सांगायचा तर तो पुरता सांगावा.

पोथी गेल्यावर काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. कोणी कपाळाला हात लावून बसले नाही. कोणाला काय पाठ आहे, याचा शोध सुरू झाला. परशरामबास, रामेश्वरबास यांनी आपापले पाठ सिद्ध केले. त्यांतच एका बाईंचे नाव येते, हिराइसा. तिच्या स्मरणशक्तीची पंथात ख्याती होती. तिच्या मुखातून आलेला पाठ ‘हिराइसेचा पाठ’ म्हणून ओळखला जातो. एकाच्या आठवणीत जे निसटले ते दुसऱ्याच्या आठवणीत सापडले. सगळे पाठ तंतोतंत जुळले नाहीत, पण न जुळणारे भागही ठेवले गेले. पोथी एका जागी होती तोवर ती एका घावात जाऊ शकत होती. आठवण मात्र दहा माणसांत वाटलेली होती.

मला यात आश्चर्य वाटले नाही, कारण आमच्या घरी हाफिज ही कल्पना लहानपणापासून ओळखीची. ज्याला सबंध कुराण मुखोद्गत असते तो हाफिज. या शब्दाचा मूळ अर्थच ‘राखणारा’, ‘जतन करणारा’ असा आहे. इस्लामी परंपरा सांगते की सातव्या शतकात यमामाच्या लढाईत पाठ असणारे पुष्कळ लोक मारले गेले. तेव्हा खलिफा अबू बक्र यांना काळजी वाटली, आणि झैद इब्न साबित यांच्याकडे सर्व वचने लिहून एकत्र करण्याचे काम आले. म्हणजे तिकडे माणसे जाऊ लागली तेव्हा कागदाचा आधार घेतला गेला, आणि रिद्धपूरची पोथी गेली तेव्हा माणसांचा. दोन्हीकडचा धडा एकच आहे. आधार एकच असू नये, आणि एकाच जातीचाही असू नये.

आता संगणकाकडे येऊ. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज एका छायाचित्राला तेवढी जागा लागते. डिस्क लहान झाल्या, स्वस्त झाल्या, पण तबकडीची डिस्क हे शेवटी फिरणारे यंत्र. ते कधीतरी बंद पडणारच. मग १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, आणि त्यांतली एखादी मेली तरी मजकूर वाचेल अशी तजवीज करावी. या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. चार-पाच डिस्क एका पेटीत बसतात, आणि संगणकाला मात्र ती एकच मोठी डिस्क वाटते.

एक डिस्क गेली तरी मजकूर परत कसा मिळतो? वाण्याच्या वहीतले उदाहरण घेऊ. तीन डब्यांत तीन आकडे ठेवले, ७, ५ आणि ९. चौथ्या डब्यात त्यांची बेरीज ठेवली, २१. आता ५ चा डबा चोरीला गेला. काळजी नको. २१ मधून ७ आणि ९ वजा करा, ५ परत हाती. डिस्कमधली बेरीज थोडी वेगळ्या प्रकारची असते, पण तत्त्व हेच. नवी डिस्क बसवली की उरलेल्या डिस्क मिळून गेलेल्या डिस्कवरचा मजकूर पुन्हा लिहून काढतात. परशरामबास, रामेश्वरबास आणि हिराइसा यांनी मिळून केले ते याहून फार निराळे नव्हते.

पण याला मर्यादा आहे. एका बेरजेवर एकच हरवलेला आकडा काढता येतो. दोन डबे एकदम गेले तर बेरीज काही सांगू शकत नाही. आणि समजा तुम्हीच चुकून एखादी फाईल पुसली, तर ती सर्व डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. पेटीला आग लागली, पेटीत पाणी शिरले, तर आतल्या चारही डिस्क एकत्रच जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. तळमजल्यावर ठेवलेल्या यंत्राला त्या दिवशी कोणतीही बेरीज वाचवू शकत नव्हती. तेव्हा डिस्कची पेटी म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप म्हणजे दुसऱ्या घरातली, जमल्यास दुसऱ्या गावातली प्रत.

महानुभावांना हेही कळले होते, किंवा परिस्थितीने शिकवले होते. त्यांचे मठ महाराष्ट्राबाहेर पार पंजाबपर्यंत पोहोचले. तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणतात. पंजाबी शिष्यांनी मराठी पोथ्या जपल्या आणि वाचल्या. गोदावरीकाठची मराठी पाच नद्यांच्या काठी टिकून राहिली, यात श्रद्धा होतीच, पण मजकूर वाचण्याच्या दृष्टीने पाहिले तर ती दूरवर ठेवलेली प्रतही होती.

आणखी एक शत्रू असतो, वाळवी. पोथीला लागते तशी डिस्कलाही लागते. डिस्क चालू दिसते, फाईलचे नावही दिसते, पण आतले एखादे अक्षर केव्हाच बदललेले असते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस नावाची व्यवस्था या रोगावर लक्ष ठेवते. प्रत्येक तुकड्याची एक ओळखखूण ती वेगळी लिहून ठेवते. ठरावीक काळाने सगळा साठा आरंभापासून शेवटापर्यंत वाचून खुणा पडताळते, आणि बिघडलेला तुकडा दुसरीकडच्या चांगल्या मजकुरावरून दुरुस्त करते. आपल्याकडे याला शब्द आहे, पारायण. ज्या पोथीचे दरवर्षी पारायण होते तिचे पान गळाले तर त्याच वर्षी कळते. बासनात बांधून पूजेला लावलेल्या पोथीचे काय झाले, हे बासन सोडेपर्यंत कोणाला कळत नाही.

इथपर्यंत झाली जतनाची गोष्ट. आता कुलपाची.

लीळाचरित्र पुन्हा उभे राहिले, आणि नंतर चौदाव्या शतकाच्या मध्याला, साधारण १३५३ च्या सुमारास, सांकेतिक लिपी आली. सह्याद्रवर्णन लिहिणाऱ्या रवळोबासांनी ‘सकळ’ लिपी तयार केली असे मानतात. पुढे सुंदरी, अंक, वज्र अशा किती तरी लिप्या पंथात निर्माण झाल्या. सकळ लिपीत मूळ अक्षराऐवजी दुसरे अक्षर येते, आणि वारंवार येणाऱ्या नावांना, शब्दांना खास खुणा असतात. ठरलेला तक्ता ज्याच्याजवळ आहे तो झरझर वाचील. बाहेरच्याला समोर देवनागरीसारखी अक्षरे दिसतील, पण अर्थ लागणार नाही. असे का केले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात आक्रमकांपासून आणि विरोधकांपासून पवित्र वचने वाचवण्यासाठी. कोणी म्हणतात, अनधिकारी माणसाच्या हाती ती पडू नयेत म्हणून. कारण काहीही असो, परिणाम एकच झाला. मजकूर सुरक्षित राहिला आणि जगापासून तुटला.

इथे एक गोष्ट मनाला लागून राहते. केसोबास हे पंथातले मोठे संस्कृत पंडित. त्यांनी संस्कृतात लिहावे की मराठीत, असा प्रश्न आला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृतात लिहिलेस तर माझ्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार कसे, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर पंथाने जपून ठेवले आहे. ज्या भाषेची निवड साध्यासुध्या म्हातारीला कळावे म्हणून झाली, त्याच भाषेतला मजकूर दोन पिढ्यांत तक्त्याशिवाय वाचता येईना. पंथातल्यांना तो कळत राहिला हे खरे. पण शेजारच्या गल्लीतल्या म्हातारीचे काय?

त्या शेजारच्या गल्लीत मग अफवा गेली. हे लोक काळे कपडे घालतात, यांच्या पोथ्या कोणाला वाचता येत नाहीत, म्हणजे त्यांत काहीतरी वावगे असणार. आपल्या भाषेत ‘मानभावी’ हा शब्द आहे. वरून साळसूद आणि आतून कपटी, असा त्याचा अर्थ आपण सहज वापरतो. तो शब्द ‘महानुभाव’ यावरूनच आला, असे अभ्यासक सांगतात. एका सबंध पंथाचे नाव शिवी होऊन बसले. याला एकटी लिपी कारण होती असे मी म्हणणार नाही. जातिभेद नाकारणारा, स्त्रियांना संन्यास देणारा पंथ अनेकांच्या डोळ्यांत आधीच सलत होता. पण आरोपाला उत्तर देणारा ग्रंथ कुलपात असेल तर उत्तर देणार कोण?

मला हे जरा जास्तच समजते. मराठी आणि उर्दू शेजारी राहतात, पण एकमेकींची पाटी वाचू शकत नाहीत. समोरच्या दुकानावर काय लिहिले आहे हे न कळल्याने माणसाच्या मनात काय काय येते, हे मी या शहरात दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. पुष्कळदा त्या पाटीवर ‘येथे रजया भरून मिळतील’ इतकेच लिहिलेले असते.

महानुभावांचे कुलूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची फोड अभ्यासकांपुढे मांडली. पंथातल्या काही महंतांनीही पोथ्या दाखवायला सुरुवात केली. महाराष्ट्र सारस्वतकार वि. ल. भावे यांनी या साहित्याकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये आले. पुढे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र संपादून छापले. मराठीचे वयच एकदम वाढल्यासारखे झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या मागणीच्या पाठीशी जे जुने ग्रंथ उभे होते त्यांत लीळाचरित्रही होते.

कुलूप निघू शकले, कारण दोन गोष्टी होत्या. एक, पंथात किल्ली जिवंत होती. गुरूकडून शिष्याकडे तक्ता जात राहिला होता. दुसरी, कुलूपच त्या काळातले होते. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर ठेवण्याची युक्ती कशी फोडावी, हे नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने लिहून ठेवले आहे. भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. गुप्त मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेली खूण कोणती हे मोजत गेले की पडदा सरकू लागतो. योगायोग असा, की अल-किंदीचे हे पुस्तकसुद्धा शेकडो वर्षे हरवले होते आणि विसाव्या शतकात इस्तंबूलच्या एका जुन्या ग्रंथसंग्रहात सापडले.

किल्ली मेली की काय होते, याचे उदाहरणही आपल्याच घरात आहे, मोडी लिपी. मोडी कोणी लपवण्यासाठी काढली नव्हती, भरभर लिहिण्यासाठी ती वापरात होती. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल मोडी कागदांनी भरलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या सुमारास त्यांतून निवड करून ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा मोडी वाचणारी माणसे घरोघर होती. नंतर छपाईच्या सोयीसाठी बाळबोध सर्वत्र आली आणि मोडी शाळेतून गेली. आज आजोबांच्या पेटीतला जमिनीचा कागद नातवाला वाचता येत नाही. कागद शाबूत, अक्षर सुबक, आणि तरी तो बंद. कुलूप कोणी लावले नव्हते. वाचणारा गेला आणि कुलूप आपोआप लागले.

आता आजच्या कुलपाकडे बघा. २००१ मध्ये अमेरिकी सरकारने एईएस ही गुप्तलेखनाची पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. ती बेल्जियमच्या योआन डामेन आणि विन्सेंट रेमेन या दोघांनी तयार केली होती. आज जगभर हार्ड डिस्क, मोबाइल, बँकांचे व्यवहार यांत ती वापरतात. तिच्या मोठ्या प्रकारात शक्य किल्ल्यांची संख्या ७८ आकडी आहे. एकेक किल्ली लावून बघू म्हटले तर जगातले सगळे संगणक जुंपले तरी सूर्य विझेपर्यंत ते काम संपणार नाही. इथे अल-किंदीची मोजणी चालत नाही, कारण गुप्त मजकुरात सर्व खुणा सारख्याच वेळा येतात. राजवाडे आज असते तरी हे कुलूप त्यांना उघडले नसते.

त्यातही एक बारकावा आहे. तुम्ही टाकता तो पासवर्ड बहुधा खरी किल्ली नसतोच. खरी किल्ली म्हणजे यंत्राने बनवलेला एक भलामोठा आकडा. तो डिस्कच्या सुरुवातीला एका लहानशा पेटीत बंद असतो, आणि पासवर्ड फक्त ती पेटी उघडतो. लिनक्सवर प्रचलित असलेली पद्धत अशीच आहे. याचा फायदा असा, की पासवर्ड बदलला तरी सगळी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही. तोटा असा, की ती लहानशी पेटी बिघडली तर पासवर्ड तोंडपाठ असूनही उपयोग नाही. बाकी सगळा मजकूर जागेवर असतो आणि अर्थहीन असतो. म्हणून जाणकार त्या पेटीची वेगळी प्रत काढून दुसरीकडे ठेवायला सांगतात. हे काम काही मिनिटांचे आहे, पण पुष्कळांना ते माहीतच नसते.

मी अँटॉप हिलला राहतो. एका बाजूला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहती, एका बाजूला शेख मिसरी यांचा दर्गा, आणि मधल्या गल्ल्यांमध्ये मोबाइल आणि संगणक दुरुस्तीची लहान लहान दुकाने. आमच्या ओळखीच्या काही कवी मंडळींनी मराठीत लिहिणाऱ्या जुन्या मुस्लिम कवींच्या वाचनाच्या ध्वनिफिती जमवल्या होत्या. आमच्यातल्या एका मित्राने त्या सगळ्या संगणकावर घेतल्या, चार डिस्कच्या एका पेटीत ठेवल्या आणि पेटीला कुलूप लावले. कुलूप लावण्याला कारण होते. फितींमध्ये कवितांबरोबर गप्पाही होत्या. समाजाबद्दल, घराबद्दल, मौलवींबद्दल आणि पुढाऱ्यांबद्दल ही माणसे मोकळेपणाने बोलली होती. ते भलत्याच्या हाती पडू नये, ही काळजी रास्तच होती. २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो मित्र गेला.

काही महिन्यांनी त्याच्या घरच्यांनी पेटी आमच्याकडे दिली. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलाने ती तपासली. चारपैकी एक डिस्क मेलेली होती. त्याने नवी घातली, दुसऱ्या दिवशी पेटी ठणठणीत. मग पडद्यावर पासवर्डचा चौकोन आला आणि सगळे थांबले. तो म्हणाला, “चाचा, डिस्क गेली तर मी काहीतरी करतो. पासवर्ड गेला तर माझ्या हातात काहीच नाही.” घरच्यांना ठाऊक नव्हता, वहीत नव्हता, कोणत्याच चिठ्ठीवर नव्हता.

मग आम्ही तेच केले जे सातशे वर्षांपूर्वी झाले होते. कोणाकडे काय आहे ते विचारत निघालो. कोणाकडे जुनी कॅसेट निघाली, कोणाकडे वहीत उतरवून घेतलेली गझल. एका दिवंगत कवीच्या पत्नीने पतीच्या अकरा कविता न अडखळता म्हणून दाखवल्या. मध्ये एका ओळीपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, इथे ते दर वेळी वेगळा शब्द वापरत. आम्ही दोन्ही शब्द लिहून घेतले. फितींचा निम्माअधिक भाग असा परत आला. उरलेला त्या पेटीतच आहे. पेटी चालू आहे, डिस्क धडधाकट आहेत.

सरकारच्या पातळीवरही हे असेच घडते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, पाच जीव गेले आणि वरच्या मजल्यांवरच्या अनेक खात्यांच्या फायली जळाल्या. त्यानंतर जिल्ह्याच्या कार्यालयांत, इतर खात्यांत गेलेल्या प्रती गोळा करून फायली पुन्हा तयार करण्याचे काम करावे लागले. आपण ‘प्रत माहितीसाठी रवाना’ या शेऱ्याला हसतो, पण अशा वेळी तीच रवाना झालेली प्रत उपयोगी पडते.

मग कुलूप लावूच नये का? तसे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरावर कधी कोणी नजर ठेवली नाही, त्याला कुलपाची गरज कळत नाही. बातमीदाराला, वकिलाला, डॉक्टरला, छळ सोसणाऱ्या बाईला कुलूप हवेच. सामान्य माणसालाही आपली पत्रे खासगी ठेवण्याचा हक्क आहे. मात्र किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात ठेवायची की वाटून ठेवायची, एवढाच विचार करायचा आहे. गणितज्ञ अदी शमीर यांनी १९७९ मध्ये यावर सुरेख उपाय सांगितला. कागदावर एकच ठिपका दिला तर त्यातून हव्या तितक्या सरळ रेषा काढता येतात. दोन ठिपके दिले की एकच रेषा निघते. रेषा म्हणजे गुपित समजा, आणि तीन मित्रांना तिच्यावरचा एकेक ठिपका द्या. एकट्याला काहीच कळणार नाही. कोणतेही दोघे एकत्र आले की गुपित उघडेल. तिसरा परगावी असो की पैगंबरवासी झालेला असो, अडत नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, त्याचीच ही शहाणी बहीण.

इतके गणित नको असेल तर साधे उपाय आहेत. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरात. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि पाकीट कुठे आहे ते विश्वासातल्या दोन माणसांना सांगा. मृत्युपत्रात दागिन्यांची यादी करतो तशी याचीही नोंद करा. वर्षातून एकदा, दिवाळीला म्हणा, ईदला म्हणा, ती प्रत प्रत्यक्ष उघडून बघा. न उघडलेली प्रत आहे की नाही हे कोणी सांगू शकत नाही. आणि जे लपवण्याची गरज नाही ते कुलपात घालू नका. कवितेला कुलूप कशाला? ती दहा जणांना पाठ करून द्यावी.

महानुभावांच्या पोथ्या पुन्हा उघडल्या त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. मठांमधून, घरांमधून अजूनही पोथ्या आहेत आणि त्यांची छायाचित्रे घेऊन ती डिस्कवर ठेवता येतात. ते काम करणाऱ्या प्रत्येकाने सकळ लिपी वाचणारा आणि मोडी वाचणारा निदान एकेक तरुण बरोबर तयार करावा. छायाचित्र आले आणि वाचणारा गेला, तर आपण एका कुलपातून काढून दुसऱ्या कुलपात ठेवले एवढेच होईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)